वाढीचे जनुक उघडते कसे आणि मिटते कधी

स्वारगेटच्या चौकातून मार्केट यार्डाकडे वळले की गुलटेकडीचा कांदा-बटाटा विभाग फार लांब नाही. आग्रा, इंदूर, गुजरात आणि आपल्याकडच्या तळेगाव-मंचर पट्ट्यातला बटाटा इथे उतरतो. गोणी फोडली की व्यापाऱ्याची नजर आधी आकारावर जाते आणि मग डोळ्यांवर. कोंब फुटलेल्या मालाचा भाव पडतो. बेण्यासाठी घेणाऱ्याचे गणित नेमके उलटे असते, त्याला डोळा जागा झालेलाच बटाटा हवा असतो. काढणीनंतर काही आठवडे ते काही महिने बटाटा झोपलेला असतो. ऊब द्या, ओल द्या, तो ढिम्म हलत नाही. मग केव्हातरी त्याच डोळ्यातून जांभळट कोंब डोके वर काढतो. डोळ्यातल्या पेशींचा डीएनए काढणीच्या दिवशी जो होता तोच आजही असतो, त्यातले एक अक्षरही बदललेले नसते. मग बदलले काय?

अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या डेव्हिड लॉ आणि जेफ्री सटल यांनी २००३ आणि २००४ मध्ये या प्रश्नाचा माग काढला. डोळ्यातल्या विभाजी ऊतींमध्ये कोंब फुटण्याच्या आधी डीएनएवरच्या मिथाइल खुणा तात्पुरत्या कमी होतात आणि डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोनांवर ॲसिटाइल गट वाढतात, असे त्यांना आढळले. म्हणजे मजकूर तोच राहिला, बदल झाला तो बांधणीत. डीएनए आणि हिस्टोन यांच्या या एकत्रित बांधणीला क्रोमॅटिन म्हणतात. वाढीशी संबंधित जनुके कामाला लागतात तेव्हा या बांधणीचे नेमके काय होते, हा गेल्या साठ वर्षांतला जीवशास्त्राचा एक मोठा प्रश्न आहे. त्याच्या उत्तराचे काही तुकडे पुण्यात सापडले आहेत. पाषाणची आयसर, विद्यापीठाच्या आवारातले राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, आगरकर रस्त्यावरची आघारकर संस्था आणि रास्ता पेठेतले केईएम रुग्णालय, या चारही ठिकाणी स्वारगेटहून शहर बसने जाता येते.

बांधणीची ओळख थोडक्यात करून घेऊ. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे २ मीटर भरतो आणि तो राहतो मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याहूनही लहान केंद्रकात. चार प्रकारच्या हिस्टोनांचे प्रत्येकी दोन रेणू मिळून आठांचा एक गोळा होतो आणि त्याभोवती डीएनएच्या सुमारे १४७ अक्षरजोड्यांचे दीडपेक्षा थोडे जास्त वेढे बसतात. हा झाला एक न्यूक्लिओसोम. रॉजर कॉर्नबर्ग यांनी १९७४ मध्ये ही रचना मांडली. १९९७ मध्ये करोलिन लुगर, टिमोथी रिचमंड आणि सहकाऱ्यांनी झुरिकमध्ये तिचे अणुपातळीवरचे चित्र मिळवले. त्या चित्रात हिस्टोनांची लवचिक शेपटे गोळ्याबाहेर लोंबताना दिसतात. पुढची बरीचशी कथा या शेपटांवरच घडते.

बांधणी सैल असते तिथे जनुके बोलतात, ही कल्पना मात्र याहून बरीच जुनी आहे. एमिल हाइट्झ यांनी १९२८ मध्ये शेवाळवर्गीय वनस्पतींच्या केंद्रकात गडद आणि फिके असे दोन प्रकारचे क्रोमॅटिन वेगळे काढले. त्याहून देखणा पुरावा किड्यांच्या अळ्यांनी दिला. कायरोनॉमस नावाच्या माशीच्या अळीच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रे इतकी जाड असतात की साध्या सूक्ष्मदर्शकातून त्यांच्यावरचे पट्टे मोजता येतात. १९६० मध्ये उलरिच क्लेव्हर आणि पीटर कार्लसन यांनी कात टाकण्याचे संप्रेरक, एक्डायसोन, अळीत टोचले. थोड्याच वेळात ठरावीक पट्टे फुगून कापसाच्या बोळ्यासारखे झाले. वाढीच्या पुढच्या टप्प्याची जनुके उघडताना माणसाने डोळ्यांनी पाहिली, ती पहिल्यांदा या अळीत. पुढे १९७६ मध्ये हॅरॉल्ड वाइनट्रॉब आणि मार्क ग्राउडिन यांनी कोंबडीच्या रक्तपेशींच्या केंद्रकांवर डीएनए कापणारे एन्झाइम सोडले. हिमोग्लोबिनची जनुके तिथे सुरू असतात आणि तीच आधी कापली गेली. जे उघडे होते त्यालाच कात्री लागली.

खरी गंमत सुरू होते ती वाढीच्या जनुकांपाशी, कारण त्यांचा स्वभाव वेगळा आहे. हिमोग्लोबिनचे जनुक रक्तपेशी घडताना एकदा उघडले की दीर्घकाळ उघडे राहते. सी-फॉस हे जनुक असले ऐषआरामी नाही. प्रयोगशाळेत उंदराच्या फायब्रोब्लास्ट पेशी वाढवताना त्यांच्या खाद्यातला रक्तरस कमी केला की त्या वाढ थांबवून बसून राहतात. दिवस-दोन दिवसांनी ताजा रक्तरस घातला की त्यातले वाढ-घटक पेशीच्या दारावर थाप मारतात आणि काही मिनिटांत सी-फॉस सुरू होते. १९८४ मध्ये मायकेल ग्रीनबर्ग आणि एडवर्ड झिफ यांनी ते दाखवले. तासाभराच्या आत ते पुन्हा गप्प होते. सी-मिक याच घराण्यातले, पण जरा सावकाश उठणारे आणि जास्त वेळ रेंगाळणारे. या दोघांनी दिलेल्या इशाऱ्यावर पेशी दुप्पट होण्याची तयारी करते. म्हणून इथे ‘उघडते कसे’ इतकाच महत्त्वाचा प्रश्न ‘मिटते कधी’ हा आहे आणि माझ्या मते दुसरा प्रश्न पहिल्याहून कठीण आहे. पाठ्यपुस्तके मात्र पहिल्यातच रमतात.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी दोन्ही प्रश्न एकाच वेळी हाताळले, म्हणून त्यांच्या कामापाशी जरा थांबू. १९६४ मध्ये ऑलफ्री, फॉकनर आणि मर्स्की यांनी हिस्टोनांवर ॲसिटाइल आणि मिथाइल गट चढतात, आणि ॲसिटाइल चढलेले हिस्टोन आरएनए-निर्मितीला पूर्वीइतका अडथळा करत नाहीत, असे मांडले. त्या काळी हिस्टोन म्हणजे निव्वळ गोणपाट, पोते बांधायची सुतळी, असा समज होता आणि ऑलफ्रींचे म्हणणे बरीच वर्षे बाजूला पडून राहिले. पण त्यांनी धागा सोडला नाही. १९८७ मध्ये त्यांनी टी. ए. चेन यांच्यासह एक प्रयोग छापला. त्याची युक्ती आजही वाचताना मजा येते. एच३ या हिस्टोनात ११०व्या जागी सिस्टीन हे अमिनो आम्ल असते आणि त्याला गंधकाचा एक गट असतो. न्यूक्लिओसोम घट्ट मिटलेला असला की तो गट गोळ्याच्या पोटात दडलेला असतो. न्यूक्लिओसोम उकलला की तो बाहेर डोकावतो. गंधक आणि पारा यांची ओढ रसायनशास्त्रात प्रसिद्धच आहे. म्हणून त्यांनी पारा जोडलेल्या कणांची नळी भरली आणि पेशींतले न्यूक्लिओसोम तिच्यातून ओतले. मिटलेले खाली वाहून गेले आणि उकललेले पाऱ्याला चिकटून राहिले. मग त्या चिकटलेल्या ढिगात सी-फॉसचा डीएनए आहे का, हे शोधले.

रक्तरस घालण्याआधी तो नव्हता. घातल्यावर काही मिनिटांत तो नळीत अडकू लागला आणि जनुक बंद पडले तसा तो पुन्हा वाहून जाऊ लागला. सी-मिकचे न्यूक्लिओसोम त्याच्या स्वतःच्या, उशिराच्या वेळापत्रकाने उकलले आणि मिटले. प्रथिन-निर्मिती रोखणारे औषध दिले की सी-फॉस जास्त जोराने आणि जास्त वेळ चालते. तेव्हा न्यूक्लिओसोमही तेवढाच जास्त वेळ उघडे राहिले. बांधणी आणि जनुकाचे काम इतके हातात हात घालून चालताना याआधी कोणी दाखवले नव्हते.

यात एक खोट होती आणि ती त्यांच्याच गटाने काढली, हे मला विशेष वाटते. पाऱ्याला गंधकवाले कुठलेही प्रथिन चिकटते. जनुकावर काम करणाऱ्या इतर प्रथिनांमुळेच न्यूक्लिओसोम अडकत नसतील कशावरून? म्हणून १९९० च्या कामात त्यांनी नळी आधी मिठाच्या पाण्याने धुतली. पाहुणी प्रथिने त्याबरोबर निघून गेली. काही न्यूक्लिओसोम त्यांच्यासोबत सुटले आणि बाकीचे स्वतःच्या एच३ मुळे चिकटून राहिले. म्हणजे दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. १९९६ मध्ये डेव्हिड बॅझेट-जोन्स यांच्याबरोबर त्यांनी असे न्यूक्लिओसोम इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा ते गोल नसून पसरलेले, उघड्या नालेसारखे दिसले.

हे सारे डोळ्यांपुढे आणायला स्वारगेटचा एसटी डेपो बरा. रात्री मुक्कामी गाड्या एकीला एक खेटून लावलेल्या असतात. पहाटेची साताऱ्याची गाडी काढायची तर पुढच्या दोन-चार गाड्या हलवाव्या लागतात, आणि ती गेली की त्या पुन्हा जागेवर येतात. डेपो रिकामा करावा लागत नाही. वाढीच्या जनुकापाशीही असेच घडते. सगळे केंद्रक उघडत नाही, एखाद-दुसऱ्या जागेपुरती हालचाल होते आणि काम झाले की पूर्ववत. फरक इतकाच की डेपोत वाहतूक नियंत्रक असतो. केंद्रकात तो कोण, याचा शोध त्याच दशकात चालला.

पहिला सुगावा लागला तो फॉस्फेटचा. लुई महादेवन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवले की वाढ-घटक मिळताच काही मिनिटांत एच३ च्या शेपटावर फॉस्फेट चढतो. पुढे ही जागा दहाव्या क्रमांकाचे सेरीन असल्याचे आणि तो चढवणारे मुख्य एन्झाइम एमएसके असल्याचे स्पष्ट झाले. पेशीच्या बाहेरून आलेला निरोप एकाकडून दुसऱ्याकडे जात थेट हिस्टोनाच्या शेपटापर्यंत पोहोचतो, ही साखळी जुळली. दुसरा सुगावा १९९६ चा. डेव्हिड ॲलिस यांच्या गटाने टेट्राहायमेना या एकपेशीय जीवातून ॲसिटाइल चढवणारे एन्झाइम शुद्ध केले, तर ते यीस्टमधल्या जीसीएन५ या ओळखीच्या प्रथिनाचे भावंड निघाले. जीसीएन५ जनुके सुरू करायला मदत करते हे आधीपासून माहीत होतेच. त्याच वर्षी स्टुअर्ट श्रायबर यांच्या गटाने ॲसिटाइल उतरवणारे एन्झाइम पकडले. चढवणारा आणि उतरवणारा दोघेही हाती आले आणि ऑलफ्रींचे ३२ वर्षांपूर्वीचे म्हणणे एकदम मध्यभागी आले. २००० मध्ये महादेवन यांच्याच गटाने सी-फॉस आणि सी-जुन या जनुकांवरच्या एच३ च्या शेपटावर फॉस्फेट आणि ॲसिटाइल दोन्ही एकत्र असतात हेही दाखवले. याशिवाय एटीपी जाळून न्यूक्लिओसोम ढकलणारी यंत्रे असतात. त्यांतले स्विस्निफ सर्वांत परिचित, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.

आता पुण्यात येऊ. गणेशखिंडीतल्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राची ओळख बहुतेक संशोधकांना पेशींचे वाण पुरवणारी संस्था म्हणून आहे. तिथे संजीव गलांडे यांच्या गटाने सॅटबी१ या प्रथिनावर काम केले. हे प्रथिन मुख्यतः रोगप्रतिकाराच्या टी-पेशींत असते आणि डीएनएच्या विशिष्ट जागा धरून त्याचे फास पाडते. ज्या जनुकावर त्यांनी ते तपासले ते होते इंटरल्यूकिन-२. टी-पेशींची संख्या वाढवणारे हे प्रथिन पूर्वी टी-पेशी वाढ-घटक याच नावाने ओळखले जाई, म्हणजे आपल्या विषयाच्या थेट गाभ्यातले. मॉलिक्युलर सेल या नियतकालिकात २००६ मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षाचा सारांश असा. टी-पेशी शांत असताना सॅटबी१ वर फॉस्फेट असतो. त्या अवस्थेत ते ॲसिटाइल उतरवणाऱ्या एचडॅक१ ला सोबत घेऊन इंटरल्यूकिन-२ चे जनुक मिटवून ठेवते. पेशी उत्तेजित झाली की फॉस्फेट उतरतो, जोडीदार बदलतो आणि ॲसिटाइल चढवणारे पीकॅफ येते. ते सॅटबी१ वरही ॲसिटाइल चढवते. त्याची डीएनएवरची पकड सुटते आणि जनुक उघडते.

मला यातला जोडीदार बदलण्याचा भाग फार पटतो. जनुक उघडणारा वेगळा आणि मिटवणारा वेगळा, अशी आपली सोयीची समजूत असते. इथे एकच प्रथिन दोन्ही कामे करते आणि कोणते करायचे हे एका फॉस्फेटवर ठरते. यामुळे मिटणेही उघडण्याइतकेच चपळ होऊ शकते. पुढच्या वर्षी याच गटाने सॅटबी१ आणि पीएमएल या प्रथिनांच्या जोडीने क्रोमॅटिनचे फास कसे बदलतात ते दाखवले. २०१० मध्ये गलांडे यांना भटनागर पुरस्कार मिळाला. त्या वर्षी जीवशास्त्रातल्या दुसऱ्या मानकरी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शुभा तोळे होत्या, म्हणजे दोन्ही पुरस्कार महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळांकडे आले. नंतर गलांडे पाषाणच्या आयसरमध्ये आणि तिथून दिल्लीजवळच्या शिव नाडर विद्यापीठात गेले.

सॅटबी१ ची एक बाजू अजून मिटलेली नाही. टेरुमी कोही-शिगेमात्सु यांच्या गटाने २००८ मध्ये नेचर नियतकालिकात मांडले की स्तनाच्या कर्करोगपेशींत हे प्रथिन हजाराहून अधिक जनुकांचा नूर पालटते आणि गाठ पसरायला मदत करते. दोनच वर्षांत दुसऱ्या गटाने रुग्णांच्या नमुन्यांवरून आणि पेशींवरून हे पटत नसल्याचे छापले. टी-पेशींतले पुण्याचे काम या वादापासून वेगळे आहे. ते तसेच वाचावे.

गलांडे यांच्या आयसरमधल्या गटाचे दुसरे वळण म्हणजे हायड्रा. गोड्या पाण्यातला हा काही मिलिमीटरचा जीव. त्याचे डोके कापले तर दोन-तीन दिवसांत नवे उगवते. पुण्यात हायड्राचा अभ्यास रुजला तो आघारकर संस्थेतल्या सुरेंद्र घासकडबी यांच्यामुळे. पुण्यातूनच गोळा केलेल्या हायड्राचे वर्णन २०११ मध्ये करंट सायन्समध्ये आले आणि हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे या नावाने तो ओळखला जाऊ लागला. डोके घडवणाऱ्या संदेशाला जोर दिला की क्रोमॅटिनच्या कोणत्या जागा जाग्या होतात, याचा नकाशा पुण्याच्या गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केला. इतक्या साध्या प्राण्यातही जनुकापासून दूर असलेले नियंत्रक तुकडे ॲसिटाइलच्या खुणांनी चालू होतात, हे त्यातले लक्षात ठेवण्याजोगे.

आणि बटाटा? आयसरमधल्याच अंजन बॅनर्जी यांच्या गटाने तो हाती घेतला. बटाटा मातीखाली का लागतो? झाडाला तो फांदीवर लावता येत नाही असे नाही, त्याला तसे करू दिले जात नाही. पॉलिकोम्ब नावाचा प्रथिनांचा समूह हिस्टोनांवर मिटवण्याच्या खुणा करतो. एच३ च्या २७व्या लायसीनवर तीन मिथाइल, ही त्यातली मुख्य. २०२० मध्ये या गटाने दाखवले की पॉलिकोम्ब समूहातले एमएसआय१ वाढवले किंवा बीएमआय१ कमी केले तर जमिनीवरच्या खोडाच्या पेरांतून बटाटे लागू लागतात. मध्यस्थ होता एमआयआर१५६ हा छोटा आरएनए. छायाचित्रात पानांच्या बगलेत लटकलेले हिरवट-जांभळे बटाटे पाहिले की मिटवणे म्हणजे काय ते एकदम उमजते. वाढीची ताकद प्रत्येक पेरात आहे, पण कुठे वाढायचे नाही याचे हुकूम क्रोमॅटिनवर लिहिलेले असतात. पॉलिकोम्बच्या खुणेविषयी इतके ठामपणे बोलता येते, कारण २०१३ मध्ये फळमाशीत एच३ चे ते २७वे लायसीनच बदलून पाहिले गेले आणि पॉलिकोम्ब नसल्यासारखेच परिणाम झाले.

इतर खुणांबद्दल असे ठामपणे बोलता येत नाही आणि या क्षेत्रातला सर्वांत मोठा वाद तोच आहे. ॲसिटाइल चढतो म्हणून जनुक सुरू होते, की जनुक सुरू होते म्हणून ॲसिटाइल चढतो? आरएनए तयार करणारे यंत्र डीएनएवरून धावताना खुणा मागे सोडत जाते, हे तर सिद्धच आहे. त्यामुळे एखाद्या जनुकावर खुणा दिसल्या म्हणजे त्याचे कारण सापडले असे मानणे घाईचे. मोठ्या पातळीवरच्या बांधणीबाबतही जुनी चित्रे फाटली. पाठ्यपुस्तकांत छापली जाणारी ३० नॅनोमीटर जाडीची दोरी जिवंत पेशींत बहुधा नसतेच. २०१७ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिले तेव्हा ५ ते २४ नॅनोमीटरच्या दरम्यान बदलत्या जाडीचे विस्कळीत धागे दिसले. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने क्रोमॅटिनचे फास धरून ठेवणारे कोहेसिन काढून टाकले. फास विरघळले, पण बहुतेक जनुकांचे काम थोडेच बदलले. ‘फास पडला म्हणून जनुक पेटले’ असे सोपे सूत्र लिहिणाऱ्यांची त्यानंतर पंचाईत झाली. आपल्या शालेय पुस्तकांतली ती जाड दोरीची आकृती मात्र अजून जागची हललेली नाही.

कारण-परिणामाच्या या गुंत्यातून एक वाट अनपेक्षित बाजूने निघाली, ती अन्नाच्या. ॲसिटाइल गट येतो कुठून? ॲसिटाइल-कोए या रेणूतून आणि तो बनतो मुख्यतः साखर आणि चरबी यांच्या चयापचयातून. २००९ मध्ये कॅथरिन वेलन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की सस्तन पेशींत ग्लुकोजचा पुरवठा आणि हिस्टोनांवरचे ॲसिटाइल यांच्यात सांधा आहे. २०११ मध्ये बेंजामिन टू यांच्या गटाने यीस्टमध्ये तो धागा नेमक्या आपल्या प्रश्नापर्यंत आणला. अन्न मिळाले की ॲसिटाइल-कोए वाढते आणि त्यातून जीसीएन५ च्या हस्ते वाढीच्या जनुकांवरचे हिस्टोन ॲसिटाइलने भरतात. शिधा आल्याची बातमी पेशीला वेगळ्या निरोप्याकडून मिळण्याची गरज नाही, शिधा स्वतःच क्रोमॅटिनवर जाऊन बसतो. माझ्या मते गेल्या वीस वर्षांतला हा या विषयातला सर्वांत सुंदर प्रयोग.

मग उपाशी आईच्या पोटातल्या बाळाचे काय? इथे केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातल्या चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाची गाठ पडते. १९९३ मध्ये त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांचा गरोदरपणाआधीपासून अभ्यास सुरू केला. इथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण वजन कमी असूनही चरबी त्या मानाने राखलेली, कमतरता होती ती स्नायू आणि पोटातल्या अवयवांत. २००८ च्या त्यांच्या निबंधानुसार सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ कमी होते. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचे प्रमाण सर्वांत अधिक होते. बी-१२ आणि फोलेट हे डीएनए आणि हिस्टोनांवर चढणाऱ्या मिथाइल गटांच्या रसदीतले दोन दुवे आहेत, म्हणून क्रोमॅटिनवर संशय जातो. हैदराबादच्या सीसीएमबीतल्या गटाबरोबरच्या कामात बी-१२ दिल्यावर मुलांच्या रक्तपेशींत काही जनुकांवरच्या मिथाइल खुणा बदललेल्याही दिसल्या.

संशय वाजवी आहे, पण पुरावा अजून अर्धाच. रक्तपेशीतली खूण म्हणजे स्नायूतली किंवा स्वादुपिंडातली खूण नव्हे आणि वाढीची जी जनुके मिनिटांत उघडतात-मिटतात त्यांच्याशी वर्षानुवर्षे टिकणाऱ्या मिथाइल खुणांची सरमिसळ करणे बरोबर नाही. याज्ञिकांचा मूळ निष्कर्ष या दुव्याविनाही उभा राहतो. बाळाच्या वाढीची बेगमी आईच्या ताटात असते हे त्यांनी गावागावांत मोजून दाखवले आहे. क्रोमॅटिनचे चित्र पूर्ण व्हायचे तेव्हा होईल.

मिटणे चुकले की काय होते, ते कर्करोगात पाहायला मिळते. बर्किट लिम्फोमात सी-मिक जनुकाचा पत्ताच बदलतो, हे १९८२ मध्ये कळले. आठव्या गुणसूत्रावरचे हे जनुक बहुतेक वेळा चौदाव्यावर, प्रतिपिंडांच्या जनुकाशेजारी जाऊन बसते. बी-पेशीत तो मोहल्ला कायम उघडा असतो. मिटायची सोयच उरत नाही, पेशी वाढत सुटते. २०१२ मध्ये लहान मुलांच्या मेंदूतल्या एका घातक गाठीत चक्क एच३ हिस्टोनाचे २७वे लायसीन बदललेले सापडले. तेच लायसीन, ज्यावर पॉलिकोम्ब मिटवण्याची खूण करते.

नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलचे ॲक्ट्रेक हे संशोधन केंद्र आहे. तिथल्या संजय गुप्ता यांच्या गटाने जठराच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींत एच३ च्या दहाव्या सेरीनवरचा फॉस्फेट मोजला. म्हणजे महादेवन यांना रक्तरस घातल्यावर काही मिनिटे दिसलेलीच खूण. गाठीत ती वाढलेली होती आणि ती चढवणारे एमएसके१ सुद्धा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाठीपासून दूर जावे तशी ती कमी होत गेली. शल्यविशारदाने कापलेली कड सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी दिसली, तरी ती गाठीजवळ असेल तर तिथे ही खूण जास्त असू शकते, आणि रुग्णाच्या पुढच्या वाटचालीशी तिचा संबंध लागतो, असे २०१६ च्या त्यांच्या निबंधात आहे. प्रयोगशाळेतल्या बशीत मिनिटांत विरणारी खूण इथे मुक्काम ठोकून बसली होती. उपयोगाच्या दृष्टीने महाराष्ट्रातल्या या सगळ्या कामांत मी याला वरचा क्रमांक देईन.

औषधे आली आहेत, पण ती अजून धसमुसळी आहेत. ॲसिटाइल उतरवणाऱ्या एन्झाइमांना अडवणारे व्होरिनोस्टॅट २००६ मध्ये अमेरिकेत त्वचेतल्या टी-पेशींच्या लिम्फोमासाठी मंजूर झाले. पॉलिकोम्बच्या ईझेडएच२ या एन्झाइमाला रोखणारे टाझेमेटोस्टॅट जानेवारी २०२० मध्ये एका विरळ सार्कोमासाठी आले. दोन्ही सगळ्या केंद्रकावर एकदम परिणाम करतात. एकाच जनुकापुरते आणि हवे तेवढ्याच वेळासाठी क्रोमॅटिन मिटवणारे औषध आज कुठल्याही दुकानात मिळत नाही.

हे इतक्या स्पष्टपणे सांगायचे कारण असे की शहरात जागोजागी लागलेल्या गर्भसंस्कार वर्गांच्या फलकांवर आता ‘एपिजेनेटिक्स’ हा या खुणांच्या अभ्यासाचा शब्द झळकू लागला आहे. संगीत ऐकून किंवा विचार करून बाळाची जनुके हवी तशी उघडतात, असे वर सांगितलेल्यांपैकी एकाही प्रयोगात नाही. कोणी तसे सांगितले तर कोणत्या पेशीतले, कोणते जनुक आणि किती वेळासाठी, एवढे त्यांना विचारून पाहा. आणि घरात कोणी गरोदर असेल किंवा व्हायच्या विचारात असेल, तर बी-१२ तपासण्याविषयी डॉक्टरांशी बोला. त्यासाठी कुठला वर्ग लावावा लागत नाही.